ॲथलची शेवंड

हुऑन नदीकाठच्या आमच्या खाडीवर, कॉर्डवुड बेवर, बहुतेक कामं दोन शब्दांवर संपतात: "चालून जाईल." कुंपणाचा खांब तिरका बसला, चालून जाईल. छपराला दोन खिळे कमी पडले, चालून जाईल. चोवीस वर्षं मी इथे राहते आहे आणि हे दोन शब्द मी चर्चच्या पाळकांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांकडून ऐकले. ॲथल पायबसकडून मात्र एकदाही नाही. त्याचं वर्कशॉप आमच्या कुंपणाला लागून आहे, म्हणजे ऐकायची संधी भरपूर होती.

ॲथल सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर होता. शेड बंद पडली तेव्हा तिथलं जुनं डिझेल इंजिन भंगारात निघालं होतं. ते त्याने मागून घेतलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून घरी आणलं.

"बाकीच्यांचे नवरे निवृत्त झाले की माणसांत येतात," त्याची बायको विनी म्हणाली. "माझा इंजिनात गेला."

त्याआधी त्याने वॉशिंग मशीनच्या मोटरवर लाकूड-लोखंड कातायची लेथ उभी केली होती. उजाडलं की आपोआप उघडणारं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बनवलं होतं, आणि ढगाळ दिवशी कोंबड्या आत अडकतात हे लक्षात आल्यावर ते पुन्हा खोलून नव्याने बनवलं होतं. यातलं काहीही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पुस्तक आणायचं, वाचून करून बघायचं, बिघडवायचं, का बिघडलं ते वहीत लिहायचं.

माझी मुलगी मार्नी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. मोटारीने जायचं तर वरच्या पुलावरून वळसा, पंचावन्न मिनिटं, आणि संध्याकाळच्या पाळीनंतर रस्ताभर वॉलबी, म्हणजे कांगारूची धाकटी जात, उड्या मारत असतात. गेल्या जुलैत एक तिच्या काचेवर आदळली. कपाळाला चार टाके पडले. टाके निघाले त्या दिवशी ती कुंपणावरून वाकून म्हणाली, "ॲथल, मला एक नाव बांधून देशील? पाण्यावर वॉलबी नसतात."

ॲथलने लगेच हो म्हटलं नाही. "वजन किती तुझं?" असं विचारलं आणि वही काढली.

मला वॉलबीची भीती होती, पण नदीची जास्त होती. हिवाळ्यात हुऑन नदीवर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. वरून लाकडाचे ओंडके वाहत येतात. पाण्यात पडलेलं माणूस थंडीनेच जातं. आणि हे सगळं ओलांडायचं एका हौशी माणसाच्या घरगुती नावेतून.

नोव्हेंबरात नावेचं धड पुरं झालं. ॲथलने ते धक्क्याला बांधून काठापर्यंत पाण्याने भरलं, मार्नीच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या टाकल्या आणि स्वतः छातीभर गार पाण्यात अर्धा तास बसून राहिला. विनी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी.

"मेलास तर सांग हो, चहा टाकलाय," ती ओरडली.

नाव बुडाली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले.

"ॲथल, एक काम करशील? मार्नीला सांग, नाव जमली नाही म्हणून."

तो रंधा मारत होता, थांबला. "जमली नाही तर सांगेनच की."

"जमली तरी सांग."

"रॉझ," तो म्हणाला, "आज चांगलीला वाईट म्हटलं तर उद्या मी वाईटला वाईट म्हटलेलं कोण ऐकेल?"

मी रागावून परत आले. पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलं की नाही देव जाणे, लेथ चालूच होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी नाव पाण्यात सोडायची ठरली. अख्खा बे गोळा झाला. पावात घातलेले सॉसेज, शिंपल्यांचं सारण भरलेले पॅटिस, आणि नावेच्या पुढच्या टोकावर ओतायला बाटलीभर साइडर, सफरचंदाची दारू. मार्नी ॲथलशेजारी बसली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. त्याने लिव्हर पुढे ढकलला.

नाव मागे आली. सरळ मागे, आणि धक्क्यावर धडकली. साइडरची बाटली पाण्यात.

मग कालवांची शेती करणाऱ्या डार्सीने तोंड उघडलं, "अरे ॲथल, नाव बांधायला सांगितलं होतं. तू शेवंड बांधलीस!"

शेवंड म्हणजे कोळंबीची थोरली बहीण, आणि घाबरली की ती शेपटीकडून पळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लोक पोट धरून हसले. मीही हसले, आणि मनातून मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

ॲथल इंजिनाकडे बघत होता. हळूहळू त्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "पट्टा," तो म्हणाला. "पिळाचा पट्टा!"

पॅकिंग शेडमध्ये इंजिनापासून सफरचंदं निवडायच्या यंत्रापर्यंत जो पट्टा जायचा, तो मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठासारखा घातलेला होता. त्यामुळे इंजिन एकीकडे फिरायचं आणि यंत्र दुसरीकडे. एकतीस वर्षं ॲथल यंत्रापाशी उभा राहिला होता. यंत्र फिरतं ती दिशा त्याने इंजिनाची समजली आणि त्या हिशेबाने नावेखाली पाणी कापणारा पंखा बसवला. प्रत्येक गोष्ट तपासणाऱ्या माणसाने एवढी एकच तपासली नव्हती, कारण ती त्याला पाठ होती.

"त्यात काय एवढं," डार्सी म्हणाला. "लिव्हरची दांडी उलटी जोड. लिव्हर पुढे केला की मागचा गियर पडेल, नाव पुढे जाईल. चालून जाईल!"

"मी तशीच नेते ना," मार्नी म्हणाली. "लिव्हर मागे ओढला की नाव पुढे जाते, एवढंच. सवय होईल."

"मागचा गियर धक्क्यापासून सुटण्यापुरता असतो," ॲथल म्हणाला. "रोज त्याच्यावर नदी ओलांडलीस तर एक दिवस भर पाण्यात त्याचे दात जातील. आणि घाबरल्यावर हाताला नवी सवय आठवत नाही, जुनी आठवते. नाव बाहेर काढा."

सॉसेज संपायच्या आत नाव परत वर्कशॉपमध्ये गेली.

उलट, म्हणजे डाव्या फिरकीचा, त्या मापाचा पंखा कुठे मिळेना. तेव्हा ॲथलने तो ओतायचं ठरवलं. बिअरच्या पिंपाची भट्टी केली. हुऑन पाइनच्या तुकड्यातून पंख्याचा लाकडी नमुना कोरला, रेतीत त्याचा साचा घेतला. बेभर फिरून जुने पितळी नळ, दाराच्या मुठी, बोटींच्या कड्या जमवल्या. डार्सीनेही आजीच्या पलंगाचे दोन पितळी गोळे आणून दिले. पहिल्या पंख्यात बुडबुडे निघाले. दुसऱ्याचं एक पातं पातळ आलं, माझ्या डोळ्यांना तर ते दिसतही नव्हतं.

"हे चालणार नाही?" मी कुंपणावरून विचारलं.

"चालेल," तो म्हणाला, "तीनेक महिने." आणि पंखा परत भट्टीत टाकला.

त्या क्षणी माझा राग गेला. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या मुलीची काळजी एकटी मी करते आहे.

तिसरा पंखा जूनमध्ये बसला. पहिल्या फेरीला त्याने कुणालाच बोलावलं नाही, मार्नीलाही नाही. मला म्हणाला, "रॉझ, तू चालव."

"मला येत नाही रे!"

"म्हणूनच. ज्याला येत नाही त्याचा हात कुठे जातो ते मला बघायचंय."

मी लिव्हर पुढे ढकलला. नाव पुढे गेली. धक्का मागे पडला, किनाऱ्यावरची झाडं लहान झाली, आणि नदीच्या मध्यावर आल्यावर ॲथल अचानक किंचाळला, "ओंडका! समोर ओंडका!"

माझं काळीज थांबलं. हात मात्र थांबला नाही. हातानेच लिव्हर मागे खेचला, नाव थरथरली, थांबली आणि हळूहळू मागे सरकू लागली. समोर नुसतं सपाट पाणी.

"मेल्या!" मी ओरडले. "माझा जीव गेला असता!"

तो वहीत काहीतरी लिहीत होता. "बेवरचं सगळ्यात घाबरट माणूस," तो मान वर न करता म्हणाला, "आणि हात बरोबर गेला. आता नाव मार्नीला दे."

नावेच्या मागच्या फळीवर त्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलं: शेवंड.

आता मार्नीची पाळी रात्री साडेनऊला संपते. पावणेदहाला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. तेवढ्यात कुंपणापलीकडची लेथ थांबते. पाण्यावरून इंजिनाची टकटक जवळ येते, धक्क्याला दोरी पडते, मार्नी "आले!" म्हणून ओरडते, मला की ॲथलला कोण जाणे.

मग लेथ पुन्हा सुरू होते.