एक नग, परत करण्याजोगा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. साहेबाकडून रजा मिळेल, पण काकांकडून पाना मिळायचा नाही, असं तिथले फिटर म्हणत, आणि काका ते स्वतःच कौतुकाने सांगत. स्लिप भरून घेतल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात कोणाला साधा वायसर दिला नाही. बिनस्लिपची गेली ती फक्त त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने परदेशातला, स्पॅनिश बोलणारा नवरा केला आणि ती विमानात बसून निघून गेली. तेव्हापासून तिचं येणं झालं नव्हतं. कधी रजा जुळेना, कधी तिकीट.

अशात फोन आला. मुलगी दहा दिवसांसाठी येणार होती, आणि बरोबर तिच्या सासूबाई. जावईबापूंना सुटी नव्हती. विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

काकांना विहीणबाईंना एकच गोष्ट सांगायची होती: पोरीला वर्षातून एकदा घरी पाठवत जा. मुलीलाच दुभाषी करावं, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर काकू म्हणाल्या, तिच्याच तोंडून तिच्या सासूला हे कसं सांगायचं? ती चार गोड शब्द बोलेल आणि मुद्दा तेवढा गिळून टाकेल. हे खरं होतं. मग काकांनी स्वतःच स्पॅनिश शिकायचं ठरवलं. हातात तीन महिने होते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी विटेएवढा एक कोश आणला. तो इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाणारा. मराठीहून थेट गाडीच नव्हती; प्रत्येक शब्दाला इंग्रजीच्या स्टेशनावर उतरून गाडी बदलावी लागे. त्यात काकांचं इंग्रजी सगळं स्टोअरमधलं. चहाची गाळणी लगेच सुटली, कारण पंपाला स्ट्रेनर असतो. उशीही सापडली, कारण पिलो ब्लॉक नावाचा बेअरिंगचा एक प्रकार असतो. पण किसणी, पायपुसणं आणि काकूंच्या केसांतल्या पिना यांचा पंपाशी काही संबंध नसल्यामुळे तिथे काका अडत आणि जिन्यात येऊन आम्हाला हाका मारत.

एकदा ते फारच तापून वर आले. स्पॅनिशमध्ये किल्लीलाही 'यावे' म्हणतात आणि पान्यालाही 'यावे'च म्हणतात, असं कोशात निघालं होतं. "एका नावाच्या दोन वस्तू? असल्या स्टोअरमध्ये मी एक दिवस नोकरी केली नसती," ते म्हणाले, आणि चहा घेऊन शांत झाले.

काम मात्र शिस्तीत चाललं होतं. घराचे त्यांनी रॅक पाडले: स्वयंपाकघर एक, न्हाणीघर दोन, बाहेरची खोली तीन. रोज सकाळी एक खण घ्यायचा, त्यातल्या वस्तूंची यादी करायची, इंग्रजी शोधायचं, त्यापुढे स्पॅनिश लिहायचं आणि दोऱ्याने वस्तूला चिठ्ठी बांधायची. दाराला 'पुएर्ता', खिडकीला 'वेंताना', घड्याळाला 'रेलोह'. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या घरात शिरलं की लग्नाच्या अहेरात शिरल्यासारखं वाटे. साखरेच्या डब्याला दोन चिठ्ठ्या होत्या, एक साखरेची, एक डब्याची. काकू म्हणाल्या, "मी दुपारी जरा डोळा लावायलासुद्धा भिते हो. उठेन तेव्हा मनगटाला दोरा असायचा."

पाहुण्या येण्याच्या आदल्या आठवड्यात यादी सहाशे चाळीसवर गेली. मी ती चाळली. सगळी नामं. येणं, जाणं, पाठवणं, काही म्हणजे काहीच नाही. मी तसं म्हटलं, तर काकांनी यादी पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

"क्रियापदं स्टोअरमध्ये ठेवत नाहीत," ते हळूच म्हणाले.

विहीणबाई आल्या. ठेंगण्या, गोल, हसऱ्या. घरभरच्या चिठ्ठ्या पाहून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. मग दोन दिवस नुसता खेळ चालला होता. त्या वस्तूवर हात ठेवायच्या, काका चिठ्ठी न बघता शब्द सांगायचे. सहाशे चाळीसपैकी चार चुकले. मुलगी कौतुकाने बापाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेल्याचं पाहून काकांनी घसा साफ केला आणि मुद्द्याला हात घातला. "ईहा," ते म्हणाले. म्हणजे मुलगी. "कासा." म्हणजे घर. मग थोडं थांबून, "आन्यो." म्हणजे वर्ष.

विहीणबाईंनी समजल्यासारखी मान हलवली, फोन काढला आणि मुलीच्या तिकडच्या घराचे वर्षभराचे फोटो दाखवायला घेतले. काकांनी तासभर सगळे पाहिले. पडदेसुद्धा. प्रत्येक पडद्याला 'कोर्तीना' म्हणाले.

मग सात दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. जेवणंही कमी झाली. काकू मला म्हणाल्या, "यांचा शब्द अडला की घासही अडतो."

जायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी निरोप द्यायला खाली गेलो होतो. काकांनी आतून एक पिवळं पुस्तक आणलं. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा रद्दीत निघालेल्या स्लिपांतलं शेवटचं. वरची स्लिप त्यांनी भरलेली होती, कोशातून शब्द काढून, सगळी स्पॅनिशमध्ये. वस्तू: मुलगी. नग: एक. स्थिती: चांगली. प्रकार: परत करण्याजोगी. परतीची तारीख आणि घेणाऱ्याची सही, या दोन जागा कोऱ्या.

मुलीने खांद्यावरून वाकून वाचलं. "बाबा, मी काय पाना आहे का, इश्यू करायला?"

"पाना असतीस तर त्यांनी दिलाच नसता," काकू म्हणाल्या.

मुलगी हसायला लागली आणि मधेच तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

विहीणबाईंनी चष्मा लावला. स्लिप सावकाश वाचली, पुन्हा एकदा वाचली. या वेळी त्यांनी फोन काढला नाही, पेन मागितलं. 'चांगली' होतं तिथे त्यांनी 'फार' हा शब्द आधी घातला. परतीच्या जागी पुढच्या डिसेंबरची तारीख लिहिली आणि खाली 'दर वर्षी'. सहीही केली. मग काही आठवल्यासारखं करून त्यांनी नगाचा एक खोडला आणि तिथे तीन लिहिले. एक बोट सुनेकडे केलं, एक भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतल्या आपल्या मुलाकडे आणि एक स्वतःच्या छातीवर ठेवलं.

काकांनी स्लिप हातात घेतली. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. नियमात न बसणारं काही समोर आलं की तो असा होतो.

"दिला एक नग," ते म्हणाले, "आणि परत येणार तीन. हे कुठल्याच स्टोअरमध्ये बसत नाही."

"बाबा, घ्या ना जमा करून," मुलगी म्हणाली.

काकांनी खोडलेल्या आकड्याशेजारी आपली सही केली, कार्बनखालची प्रत फाडून विहीणबाईंना दिली आणि मूळ स्लिप चौघडी करून खिशात ठेवली. मग बॅगा उचलल्या. दोन्हींच्या मुठींना चिठ्ठ्या होत्या, त्या सोडायला कोणीच थांबलं नाही.