नोव्हायमधले सुके बोंबील

त्या थंडीत मी अमेरिकेत नोव्हायला दादा-वहिनीकडे गेलो, ते आईनं दिलेले सुके बोंबील बॅगेत दडवूनच. तिथल्या ओळखीच्या नागपूरकर काकूंनाही त्यांची चटक लागली. शेजाऱ्यांना मात्र तो वास मेलेल्या उंदराचा वाटला. मॅनेजरनं दादाला बजावलं, आणखी एक कम्प्लेंट आली तर अपार्टमेंट खाली करा.

तरी काकूंसाठी म्हणून वहिनीनं खिडक्या घट्ट लावून बोंबील भाजायला घेतले. मी कचरा टाकून आलो आणि दार ठोठावून मॅनेजरच्या घोगऱ्या आवाजात ओरडलो, "ओपन अप!"

वहिनीनं घाबरून धुरासकट तवा बाल्कनीत नेऊन ठेवला. दारात मला बघून म्हणाली, "भावोजी, जीव गेला असता माझा! या नकला गावाला जाऊन करा."

आम्ही पोट धरून हसलो. तोवर बाहेरच्या वाऱ्यानं तो वास बिल्डिंगभर नेला होता. वहिनी तवा आत आणून, माझ्याकडे पाठ करून बोंबील ताटलीत काढायला लागली, तेव्हा दाराबाहेरून पुन्हा आवाज आला.

"ओपन अप!"

"पुरे हं आता, भावोजी," ती न वळताच म्हणाली.

मी तिच्या मागेच उभा होतो. माझं तोंड बोंबलानं भरलेलं होतं.