पोटरीवरचा दोरा

पार्लर थोरलीचं. घराची पुढची खोली, एक आरसा, एक फिरती खुर्ची. धाकटी बहीण हाताखाली होती, पण तिचं लक्ष कमी आणि तोंड जास्त. थोरली रोज नवाच्या ठोक्याला दार उघडायची. त्याआधी कंगवे गरम पाण्यात बुडवायचे, टॉवेल बदलायचे, आणि दोरा दातात धरून स्वतःच्याच पोटरीवर दहा मिनिटं सराव करायचा. वीस वर्षं झाली तरी यात खंड नाही.

"ताई, हे पार्लर आहे की दवाखाना?" धाकटी खिदळायची.

"डोकं नाही विसरत, छोटे. हात विसरतो."

मग थोरली आजारी पडली आणि तीन महिन्यांत अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं. "रान माजलंय बघ. जरा दोरा फिरव ना."

कपाळाची हाडं वर आलेली, कातडी पार पातळ झालेली. त्या चेहऱ्याला हात लावायची धाकटीला धास्ती वाटली. "उद्या करते गं," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गेली. भुवया तशाच.

महिन्याभरानं धाकटीनं पार्लरचं कुलूप काढलं, तर खुर्चीचं तोंड दाराकडे. कुलूप लावताना आपण ती आरशाकडे वळवून ठेवली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्यानं खुर्ची उलटीपालटी करून पाहिली. "काही सैल नाही, ताई. झकास आहे."

तिच्या अंगावर काटा आला. पण पळून जाणार कुठे? तिनं खुर्ची वळवली, कंगवे बुडवले, टॉवेल बदलले आणि पोटरीवर दोरा धरला. पहिल्या आठवड्यात पोटरी सोलून निघाली. निम्म्या बायका कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरकडे वळल्या होत्या; काही दिवस तर एकही फिरकायची नाही. तरी दार नऊला उघडायचं. कुणाला कुठलं क्रीम सोसत नाही, कुणाचा डावा डोळा पाणावतो, हे ती प्रत्येकीच्या कार्डावर लिहायची आणि पुढच्या खेपेला न विचारता सांगायची. बायका चकित व्हायच्या. एकेक करून परतल्या, मैत्रिणींना घेऊन आल्या. सहा वर्षांत तीन खुर्च्या झाल्या, हाताखाली दोन मुली आल्या.

एकदा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच पुटपुटल्या, "थोरले, जरा डावीकडे घे."

दोरा तुटला. आणि सहा वर्षं पोटात ठेवलेलं त्या 'उद्या'चं सगळं धाकटीच्या तोंडून बाहेर पडलं.

बाईंनी ऐकून घेतलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. "तिला वाईट वाटलंच असणार," त्या म्हणाल्या. "ते आता कुणाच्या हातात नाही. पण माझी वहिनी दोन वर्षं पडून आहे. तिच्याकडे येतेस?"

त्याच दुपारी ती गेली. वहिनींचं अर्धं अंग लुळं, गालफडं बसलेली. धाकटीनं दोरा दातात धरला. पहिला केस निघाला, मग दुसरा, मग हात आपोआप चालू लागला. वहिनींनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "हनुवटीवरचेही काढ. उगाच अर्धवट नको."

तेव्हापासून मंगळवारी दुपारी पार्लर मुलींवर सोपवून ती अशा चार-पाच जणींच्या घरी जाते. एखादीचं अंथरूण पुढच्या मंगळवारी रिकामं दिसतं.

मन हलकं झालं का, असं बाईंनी परवा विचारलं. "नाही," ती म्हणाली.

अनोळखी इमारतींचे जिने चढताना तिला मागे आणखी कुणाच्या तरी चपलांचा आवाज येतो. ती वळून बघत नाही. फक्त भिंतीला जराशी चिकटून चढते, मागच्या बाईला जागा मिळावी म्हणून.