मागं पळणारी नऊ नंबर

मी लोहाऱ्यात खेळाचा मास्तर. स्वभावानं उतावळा, मॅच सुरू झाली की बूड एका जागी टेकत नाही. यंदा मोबाईलवर इंग्लंडातल्या सत्तर वर्षांमागच्या फुटबॉलच्या मॅची बघायचं खूळ लागलं. तिथं तेव्हा पाठीवरच्या नंबरावर जागा ठरलेली. नऊ नंबर म्हणजे गोलपुढंच. एका परदेशी संघानं आपला नऊ नंबर मागं खेळवला आणि इंग्रजांना घरच्या मैदानात धुतलं. मग तिथल्याच एका क्लबानं तो डाव उचलला. नऊ नंबर मागं गेला की त्याला धरणारा समोरच्या संघातला गडी बुचकळ्यात: त्याच्या मागं जावं, का जागा राखावी?

म्हटलं, आपल्या शाळेतल्या पोरींनाही हेच शिकवायचं.

पण माझ्या नऊ नंबरच्या पोरीच्या वडिलांची अट होती, "तुळजापूरच्या स्पर्धेत गोल केला तर ह्यापुढंबी खेळंल. न्हाय तर बास झालं." माणूस जुना कबड्डीवाला, शब्दाचा पक्का. आणि मागं खेळायची अक्कल त्या एकाच पोरीला. मी तरी काय करू?

सेमीफायनलला तिला धरणारी दांडगी पोरगी गोचिडासारखी चिकटली. आमची मागं गेली की तीही मागं. वडील काठावरनं ओरडले, "पुढं सरक की! पळपुटी हायस का?" पोरगी लालबुंद झाली, पण मागंच राहिली. मी नखं खात येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात मधल्या मोकळ्या जागेतनं आमची दुसरी पोरगी सुसाट घुसली. गोल! माईकवर तिचंच नाव गाजलं. आम्ही जिंकलो.

वडील तणतणत आले. "हिचा गोल कुठाय?"

माझंही डोकं सरकलं. "अहो, त्या दांडगीला हिनंच ओढून नेलं, म्हणून तर वाट मोकळी झाली!"

ते थबकले. "म्हंजी हूल दिली म्हणा की!"

"व्हय!"

"मग आधी सांगायचं न्हाय का, मास्तर?"

तडक रस्त्यावर जाऊन त्यांनी नारळ घेतला आणि माईकवाल्याला गाठलं. आमच्याकडं कुस्ती-कबड्डीत बघणारेच माईकवरनं बक्षीस लावतात. तसंच पुकारलं, "हूल देणाऱ्या नऊ नंबरला बापाकडनं नारळ! पोरगी ह्यापुढंबी खेळणार!" टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले, लाज कसली.

पोरगी नारळ घेऊन माझ्याकडं आली. तोंड उतरलेलं.

"सर, समदं खरं. पण मला गोल मारायचा होता."

दुसऱ्या दिवशी फायनल होती. आणि मागं खेळायला हिच्याशिवाय माझ्याकडं कुणी नव्हतं.