आवाज नीट आला न्हाई

"हात जोड. खाली नको, मोबाईलमध्ये बघ."

माझ्या बापानं हात जोडले. आठवडी बाजारातून तो नुकताच आला होता, खांद्यावरचा टॉवेलबी काढला नव्हता. मोबाईल पाटलाच्या पोरानं धरलेला. वय माझ्याएवढंच, बारावीचं. माझ्या बापाला अरेतुरे करून राहिला होता. पारावरची म्हातारी माणसं तंबाखू मळत बघत होती.

"चुकलं मालक. लेकराची चूक झाली. पुन्हा न्हाई होणार," बाप म्हणला.

"पुन्हा एकदा बोल. आवाज नीट आला न्हाई."

बाप पुन्हा बोलला. तेच, जास्त मोठ्यानं. मी तिथंच उभी होते. मायनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

माझी चूक म्हणजे एक रील. जयंतीच्या दिवशी निळा फेटा बांधला, गॉगल घातला आन् भावाच्या गाडीवर ऐटीत बसले. मागं पाटलाचं दार दिसत होतं. एवढंच. मारलं न्हाई कुणी. मारलं असतं तर केस झाली असती, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून माफीचा व्हिडिओ. आता हीच रीत पडली हाय. त्याच दिवशी तो गावाच्या ग्रुपवर आला.

माझा बाप रोज संध्याकाळी विहारात वंदना घ्यायचा. तसा आवाज आमच्या गावात कुणाचाच न्हाई. त्या दिवसापासून तो मागं भिंतीला टेकून बसायला लागला. सगळे वंदना म्हणायचे, पण त्याचे ओठबी हलायचे न्हाईत.

मी लातूरला आले. डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास, एका खोलीत चौघी, मेसचं जेवण. वाटलं, सुटले. कशाची सुटते!

कुणीतरी व्हिडिओतला नुसता बापाचा आवाज कापून घेतला, मागं टिंगलीचं म्युझिक टाकलं. "चुकलं मालक." पोरं त्यावर रीला करायला लागली. बायकोला भिणारा नवरा, क्लासला उशिरा आलेला पोरगा, चपला पळवलेलं कुत्रं. सगळ्यांच्या तोंडी माझा बाप. नांदेडच्या एसटीत मागच्या सीटवर वाजायचा. झेरॉक्सच्या दुकानात वाजायचा. मी पुस्तक उघडून बसायचे आन् कुठल्यातरी खिडकीतून बाप माफी मागायचा. घरी फोन केला की तो चार शब्द बोलायचा न्हाई, आन् रस्त्यावर पाय ठेवला की तोच ऐकू यायचा. मला त्या आवाजाचं भ्याव वाटायला लागलं. स्वतःच्या बापाच्या आवाजाचं.

माझी एक रूममेट देवणीकडची. लई जीव लावायची. मला उशीर झाला तर माझी भाजी झाकून ठेवायची. एक दिवस मेसमध्ये तिनं रीलमधल्या पोरांसारखा खांद्यावर टॉवेल टाकला, हात जोडले आन् मोबाईलमधल्या बापाबरोबर ओठ हलवले. सगळ्या पोरी हसल्या.

मी ताट बाजूला सारलं. "तो माझा बाप हाय."

ती पांढरीफटक पडली. "मला खरंच माहीत नव्हतं गं." तिला रडूच आलं. मग हळूच म्हणली, "पण त्यांनी केलं काय होतं?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच मला जास्त लागलं. माफी मागितली म्हणजे काहीतरी केलंच असणार. लोकांनी हुकूम कापून टाकला होता, माफी तेवढी ठेवली होती. ग्रुपवर आलेला पूर्ण व्हिडिओ माझ्याकडं होता. कधी उघडला न्हाई, कधी पुसला न्हाई. त्या दिवशी उघडला. त्यातला पहिला आवाज माझ्या बापाचा नव्हताच.

गावी गेले. बापाला म्हणलं, "बा, पोलीस ठाण्यात चल."

"नगं माय. पुन्हा सगळे ऐकतील."

"ते तर रोजच ऐकून राहिलेत."

तो भिंतीकडं तोंड करून बसला. मला त्याचा राग आला न्हाई. मी एकटीच गेले.

ठाण्यातल्या साहेबानं अर्धवट बघितलं. "जुनं झालं हे. मारलं न्हाई, काही न्हाई. वर तुझा बाप स्वतःच चूक कबूल करून राहिला. गावात राहायचं हाय ना तुम्हाला? डिलीट करून टाक." त्यानं मोबाईल माझ्याकडं ढकलला.

मी तो परत त्याच्यापुढं ठेवला. व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

"हात जोड," पाटलाचं पोरगं म्हणलं.

मी तिथंच थांबवला. "साहेब, हे कोण बोललं, ते आधी लिहा. मग माझ्या बापाचं लिहा."

"ऐकलं की बाई आत्ताच."

"न्हाई. पुन्हा एकदा ऐका. आवाज नीट आला न्हाई."

तो वैतागला. "असं किती वेळा लावणार हायस?"

"तुम्ही लिहून घेईपर्यंत," मी म्हणलं आन् समोरची खुर्ची ओढून बसले.