सात जणांचा फैसला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अंतराळात अडकलेल्या सात जिवांचा फैसला लातूर-किल्लारी जीपमध्ये, माझ्या शेजारच्या सीटवर झाला.

त्या सीटवर एक मावशी होत्या. लेकीला लातूरच्या क्लासला सोडून गावी परतत होत्या. अभ्यासाच्या गाइडांच्या दुकानातून घेतलेली पातळ कादंबरी त्यांच्या मांडीवर होती. टीव्हीवरच्या एका मालिकेवरून निघालेल्या पुस्तकांतली ती शेवटची. घरची वाट चुकलेलं एक यान आणि त्यातले सात जण. ही सगळी पुस्तकं मी फुटाण्यांसारखी फस्त केली होती.

"शेवट सांगू का?" मी डोळे मिचकावले.

"सांगून तर बघ भाऊ, जीपमधून ढकलून देईन!" मग त्या हळूच म्हणाल्या, "शेजारच्या घरी बघायचो आम्ही ही मालिका. भूकंपात टीव्ही गेला, संगं बसणारे बी गेले. ह्या सात जणांचं काय झालं, तेवढं कळायचं राहिलंय."

माझी थट्टा तिथेच विरली.

ओळीखालून त्यांचं बोट सरकत होतं. जीप खड्ड्यात आदळली, माणसं एकमेकांवर पडली, पण बोट ओळ सोडेना. असल्या हलक्याफुलक्या पुस्तकात कुणी एवढा जीव ओतलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवट ठाऊक असूनही शेवटच्या पानाला मीही त्यांच्या बोटामागून वाचू लागलो.

मावशींनी पुस्तक मिटलं, पदर डोळ्यांना लावला आणि भरल्या जीपमध्ये ओरडल्या, "समदे घरी पोचले! एकबी मागं राहिला न्हाई!"