बसल्यावर धावणारं हृदय

"मॅडम, लवकर या ना जी! पाहा कसे पांढरेफटक पडले हे!"

शोभाताईंची हाक ऐकून मी फिजिओथेरपीच्या खोलीतून बाहेर धावले. त्यांचे यजमान रामदासभाऊ जिन्याजवळच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. लिफ्टसमोर रांग होती, म्हणून भाऊ भराभर जिना चढून आले होते. मी त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले आणि बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी धावायला हवी. यांची जवळजवळ जागची हललीच नव्हती.

थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला. भाऊ उठून बसले, पाणी प्यायले. आणि आता कुठे नाडी वाढायला लागली.

"आता काहून वाढून राहिली? आता तर बसले हायेत!" शोभाताई रडकुंडीला आल्या. "मॅडम, हे नवं हृदय खराब निघालं काय?"

भाऊ उमरेडचे. वडिलांचे हातमाग होते, पण हे वीज खात्यात लाइनमन झाले. आजारानं त्यांच्या हृदयाचा स्नायू सैल पडत गेला होता. काही महिन्यांपूर्वी कुणा अनोळखी कुटुंबानं आपल्या दुःखात हो म्हटलं, आणि नागपुरात त्यांच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं. अशा पेशंटना पुन्हा चालायला, चढायला, वजन उचलायला शिकवणं हे माझं काम. त्याला आम्ही कार्डियाक रिहॅब म्हणतो.

मी आमच्या हृदयरोगतज्ज्ञ सरांना बोलावलं. ईसीजी झाला, इको झाला.

"हृदय उत्तम आहे," सर म्हणाले. "घाई या माणसाला आहे. मॅडम, यांना नीट समजावा."

मी दोघांना समोर बसवलं.

"भाऊ, हृदय बदलताना रक्तवाहिन्या जोडता येतात. पण मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात. तुम्ही जिना चढायला लागलात, हे मेंदूला कळतं, पण 'जोरात चाल' हा निरोप हृदयाला लगेच मिळत नाही."

"म्हंजे सप्लाय चालू, सिग्नलची वायर कटलेली," भाऊ म्हणाले.

"बरोबर. मग निरोप रक्तातून येतो. शरीर एक रस सोडतं, तो रक्तातून हृदयापर्यंत पोचला की ठोके वाढतात. त्याला वेळ लागतो, आणि उतरायलाही वेळ लागतो. म्हणून तुम्ही बसल्यावर नाडी वाढली."

"तवरिक काय करायचं?"

"तोवर हृदयाचा स्नायू स्वतःच्या अकलेनं सांभाळून घेतो. तुम्ही हळूहळू चालायला लागलात की पायांचे स्नायू रक्त वर ढकलतात. हृदयात रक्त जास्त आलं की त्याची भिंत ताणली जाते. आणि जितकी ताणली जाते, तितक्या जोरानं ती आवळते. ठोके तेवढेच, पण प्रत्येक ठोक्याला रक्त जास्त. हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण त्याला आधी सावकाश चालून दाखवायचं. एकदम जिना नाही."

भाऊ खूश झाले. शोभाताई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. भाऊ वजन करायला उठून गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? ऑपरेशनच्या आधी मी भेटाले आली का मशीनवरचा ठोक्यांचा आकडा वर जाये. सिस्टर लोक हसत. ऑपरेशन झाल्यापासून मी येते, तो आकडा हालतच नाही. मले वाटे, दुसऱ्याचं हृदय हाय, त्याले मी कोण?"

इतके महिने ही बाई हे पोटात घेऊन डबा आणत होती, औषधांच्या वेळा पाळत होती.

"ताई, आनंद त्यांना तेवढाच होतो," मी म्हटलं. "आकड्यापर्यंत पोचत नाही, एवढंच."

दारात भाऊ उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"येडी हाय काय वं तू?" ते म्हणाले आणि येऊन तिच्याशेजारी बसले. शोभाताईंनी डोळे पुसले आणि वजन किती भरलं ते विचारलं.

मग आम्ही रोज सराव केला. आधी व्हरांड्यात सावकाश चालणं, मग थोडं भरभर, मग जिना. थांबतानाही एकदम बसायचं नाही, चालत चालत वेग कमी करायचा. भाऊंना रामटेकचा गड चढायचा होता. नव्या हृदयासाठी शोभाताईंनी रामाला नवस बोलला होता. सरांनी दोन अटी घातल्या: तोंडाला मास्क आणि गर्दी नसलेला दिवस.

दोघं गडावर गेले त्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन आला. "मॅडम, पोचलो वर. खाली आधी चांगला घुमलो-फिरलो, मंग चढलो. काहीच झालं नाही."

"आणि ताई?"

"ते अर्ध्यात बसून हाय. दम लागला तिले. मी वर जाऊन पाणी घेऊन खाली तिच्यापाशी आलो."

मागून शोभाताईंचा आवाज आला, "मॅडमले काहून सांगून राहिले हो?"

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. घरातल्या एकाचं हृदय बदललं की व्यायामाला दोघांनाही बोलवायचं. शोभाताई सोमवार-गुरुवार येतात. वॉर्म-अपचा कंटाळा करतात.